पुढचा डावा पाय

हत्तीचा पाय बन्सीला घट्ट होत होता. फायबरचा तो साचा सुतळीनं त्याच्या पोटरीला आवळून बांधला होता. गावकऱ्यांना हत्तीचे ठसे ओळखता यावेत म्हणून शहरातल्या एका संस्थेनं तो आणला होता. देवगाव रंगारीनं हत्ती आजवर फक्त गणपतीत पाहिलेला. तरी ‘हत्तीसोबत सहजीवन’ या योजनेचं प्रात्यक्षिक आशाबाईच्या मक्यात ठरलं होतं आणि अर्जातला पहिलाच रकाना होता, हत्तीने तुडवलेल्या पिकाचा फोटो.

हत्ती नव्हता. म्हणून आशाबाईचा दीर बन्सी तिच्या मक्यात उड्या मारत होता. एका पायावर, कारण पेटीत साचा एकच निघाला होता. पुढच्या डाव्या पायाचा.

“जोर लावा काका. हत्ती चार टनांचा असतो,” बांधावरून देवेश ओरडला. तो संस्थेचा प्रकल्प अधिकारी. त्याच्या पांढऱ्या बुटांना अजून माती लागली नव्हती.

“मी पंचावन्न किलोचा हाय,” बन्सी धापा टाकत म्हणाला.

मक्याचं एक ताट कडकन मोडलं. दुधात आलेलं कणीस साच्याखाली फुटलं. आशाबाईनं मान फिरवली.

महिन्याभरात रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या कळपानं तिचा एकरभर मका खाऊन संपवला होता. हा दहा गुंठ्यांचा तुकडा तेवढा उरला होता. देवेश म्हणाला होता, मावशी, फोटोपुरत्या चार ओळी तुडवू, मग झटका मशीनचं, विजेच्या तारांचं कुंपण लावू, ते तुमचंच. तिनं हिशोब केला, चार ओळी जातात, बाकीचा मका वाचतो. ती व्हय म्हणाली होती.

फोटो काढणाऱ्या सईनं मोबाइल डोळ्यांपासून दूर धरला. “सर, हत्ती लंगडी घालत गेल्यासारखा दिसतोय.”

“जखमी होता असं लिहू.”

“आणि चार ओळींत मावत पण नाही हो. एवढा हत्ती शेतात येईल आणि चारच ओळी तुडवेल?”

देवेशला ते पटलं. त्यानं ड्रायव्हरला खूण केली. गाडी रिव्हर्समध्ये मक्यात शिरली, बांधापर्यंत गेली आणि सावकाश परत आली. तिच्यामागून बन्सी चाकोऱ्यांवर उड्या मारत ठसे उमटवत गेला.

“अहो साहेब, काय करू राहिले?” आशाबाई धावली. “चार वळी म्हणले होते ना तुमी?”

“कळप होता मावशी. कळप चार ओळींत थांबत नाही.”

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून खराखुरा रोही आत आला. भला थोरला नर. त्यानं या सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि जो मका अजून उभा होता, तो खायला सुरुवात केली. आशाबाईनं ढेकूळ उचललं.

“मारू नका, मारू नका!” देवेशनं तिचा हात धरला. “वन्यप्राणी आहे तो. सई, तो फोटोत येऊ देऊ नकोस. तो आपल्यात बसत नाही.”

“कामून नाय बसत? म्हयनाभर त्योच खाऊ राहिला.”

“ॲपमध्ये प्राणी निवडायचा असतो मावशी. यादीत एकच आहे. हत्ती.”

रोही निवांत खात राहिला. बन्सी हाकलायला निघाला, पण सुतळीची गाठ सुटेना. तो लंगडत पोचेपर्यंत एका ओळीचे शेंडे गेले होते.

मग कुंपण लागलं. चार खांब, तीन तारा, टकटक करणारं मशीन. आशाबाईला तारेमागं उभं केलं. हसा म्हणाले. ती हसली नाही, तर सई म्हणाली, चालेल, ‘कुंपणाआधी’च्या फोटोत वापरू. मग बन्सीला हसायला लावलं. फोटो झाला. ड्रायव्हर तार गुंडाळायला लागला.

“ह्ये कुठं नेऊ राहिले?” आशाबाईनं तारेचं टोक पकडलं. “माझं हाय म्हणले होते ना?”

“तुमचंच होतं ना, फोटोत,” देवेश समजावणीच्या सुरात म्हणाला. “पण नियमानं कुंपण हत्ती असलेल्या गावालाच देता येतं. तुमच्याकडं हत्ती कुठं आहेत?”

“मंग हितं आले कशाला?”

“तिकडं खरे हत्ती असतात हो. प्रात्यक्षिक करू देत नाहीत.”

आशाबाईच्या हातातून तार सरकत गेली. देवेश गाडीच्या बॉनेटवर अहवाल भरत होता आणि भरता भरता मोठ्यानं वाचत होता, “कुंपण उभारल्यापासून एकही हत्ती शेतात शिरलेला नाही. यश, शंभर टक्के.”

सईनं चाकोरीतून एक आडवं पडलेलं कणीस उचललं, सोललं आणि त्याचा वास घेतला. “सर, काय कोवळं आहे!”

देवेशनं पेनाला टोपण लावलं. “मावशी, एवढ्या लांब आलोय. चार-सहा कणसं भाजून मिळतील का? लिंबू-मीठ लावून.”

आशाबाईनं मातीत आडव्या पडलेल्या ओळींकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

“हत्ती आला असता तं त्यानं भाजून नसतं मागितलं, साहेब.”

“वा!” देवेशनं टोपण पुन्हा काढलं. “सई, हे लाभार्थींच्या अभिप्रायात घे. हत्तीबद्दल त्यांचं मत चांगलं झालंय.”