फ्रेमवरचा नंबर

वकिलांनी सायकलवाल्याच्या आईला दहादा बजावलं होतं. नव्या कायद्यात चोरीचा माल एकदा घेतला तर तीन वर्षं, पण रोजचाच धंदा ठरला तर जन्मठेप. "तेव्हा आजी, एवढंच सांगायचं, पोरानं एकदाच चूक केली. मग तोंडाला कुलूप." तिनं साक्षीत तसंच सांगितलं. सरकारी वकिलांनी मान डोलावत जप्त केलेली चोरीची सायकल पुढे ओढली. "पटलं, आजी. फ्रेमवरचा नंबर किती गचाळ खरवडलाय बघा. हात बसलेलाच नाही तुमच्या मुलाचा." म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गचाळ? माझ्या पोराचं काम? बारा वर्षांत कानशींवर कानशी झिजवल्यात त्यानं! शेकडो सायकली गेल्या हाताखालून, एकीवर ओरखडा सापडला नाही कुणाला!" सरकारी वकील हसून खाली बसले. पिंजऱ्यातल्या मुलानं मान वर केली. उभ्या जन्मात आईनं पहिल्यांदाच त्याच्या कामाला चांगलं म्हटलं होतं.