चार नंबरचा बिल्ला

गुहेतला चिखल राखाडी होता. हे लक्षात आलं तेव्हा ती कोपरांवर सरपटत होती. पुढे मास्तरांचे बूट, मागे नर्सच्या दिव्याचा उजेड. तिने हातमोजा डोळ्यांजवळ नेला, चिखल दोन बोटांत चोळून पाहिला. लाँड्री चालवून तिला अठरा वर्षं झाली होती. दोन वर्षं गुहा पाहणाऱ्या क्लबच्या सहलीहून आलेली नवऱ्याची डांगरी तीच धूत होती, आणि त्या डांगरीवर दर वेळी चिखल असायचा तो लाल.

शंकेची पाल महिन्यापूर्वीच चुकचुकली होती. चिखल फक्त गुडघ्यांवर आणि कोपरांवर, शिवणीत एक कण नाही. जमिनीवर लोळणाऱ्या माणसाचे कपडे असे मळत नाहीत. म्हणून या शनिवारी ती हट्टाने बरोबर आली होती. नवरा, पेशाने घड्याळजी, तीन दिवस कारणं सांगत होता: तुला दम लागेल, तुझी कंबर, लेकीकडे कोण बघेल. लेकीला तिने बहिणीकडे ठेवलं. सोबत शाळेची सगळी पुस्तकंही दिली. सोक्षमोक्ष वाईट लागला तर ती स्वतःही तिथेच राहणार होती.

गुहेच्या तोंडाशी एक फळी होती. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी, 'आत' आणि 'बाहेर'. शिरताना आपला पितळी बिल्ला 'आत'ला लावायचा, परतल्यावर 'बाहेर'ला. पाहुणी म्हणून तिला पाच नंबर मिळाला. नवऱ्याने तिच्या डोळ्यांदेखत चार नंबर 'आत'ला अडकवला आणि म्हणाला, "तू हो पुढे. मी सगळ्यांच्या शेवटी येतो." त्या वेळी बाकीचे तिघेही बुटांच्या नाड्या बघत होते. ते तिने पाहून ठेवलं होतं.

उभं राहता येईल एवढी जागा आली तेव्हा सगळे थांबले. इथे नंबर पुकारायचे, असा क्लबचा नियम होता.

"एक," मास्तर म्हणाले.

"दोन," नर्स म्हणाली.

"तीन." हा मागून आलेला इलेक्ट्रिशियन.

मग कोणीच बोललं नाही. छतावरून पाणी टपकत होतं.

"पाच," ती म्हणाली.

"सगळे आले," म्हणून मास्तर वळले. इतक्या सराईतपणे, की चार हा आकडा या मंडळींना शाळेत शिकवलाच नसावा.

"चार कुठे आहेत?" तिने विचारलं.

इलेक्ट्रिशियन हेल्मेटचा पट्टा आवळायला लागला. तो आधीच आवळलेला होता. नर्स म्हणाली, "येतील हो वहिनी. सावकाश येतात ते."

"त्यांना डावीकडची वाट आवडते," मास्तरांनी पुस्ती जोडली.

"डावीकडे वाट आहेच कुठे? भिंत चाचपत आलेय मी."

तिघांनीही दिवे जमिनीकडे वळवले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी वहिनी करत हीच माणसं तिच्या घरी चहा पिऊन जात होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गुडघ्यांवर बसली आणि आल्या वाटेने परत निघाली.

"एकट्याने जायचं नाही, नियम आहे," मास्तर म्हणाले.

"मग या कोणीतरी."

नर्स मागोमाग आली. पुढे सरपटताना ती नवऱ्याला म्हणायची वाक्यं मनात जुळवत होती. बाहेर कोणी नसेल तर काय, कोणीतरी असेल तर काय. दुसरं वाक्य पुरं होत नव्हतं.

बाहेर तो होता. एकटाच. फळीखालच्या दगडावर पाठमोरा बसलेला, अंगातली डांगरी तिने इस्त्री केली तशीच कोरी. पायाशी लाल माती. बाटलीतलं पाणी ओतून त्याने ती कालवली होती, आणि घड्याळात काटा बसवावा तितक्या काळजीने एका बोटाने गुडघ्याला चिखल लावत होता.

"हे काय चाललंय?"

तो दचकला. बोट डांगरीला पुसायला गेला, तिथे आणखी एक डाग पडला.

"आत जमत नाही मला," तो म्हणाला. "पहिल्याच वेळी छाती आवळली. ओरडायला लागलो. मास्तरांनी पाय धरून ओढून काढलं."

"मग दोन वर्षं इथे करता काय?"

उत्तर नर्सने दिलं, "बाहेर एक माणूस लागतोच, वहिनी. बिल्ल्यांवर लक्ष ठेवायला. आम्ही वेळेत आलो नाही तर मदत आणायला. आधी पाळी लावायचो, पण एकदा पाळीवालाच झोपला. हे जागचे हलत नाहीत. घरी सांगायचं नाही, एवढंच वचन घेतलं आमच्याकडून."

"लेकीला वटवाघळांच्या गोष्टी सांगून बसलो होतो," तो खाली बघत म्हणाला.

तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं. तिने त्याच्या खिशातून रुमाल काढला, ओला केला आणि खसाखसा त्याचे गुडघे पुसले.

"आतला चिखल राखाडी असतो," ती म्हणाली. "फसवायचंच होतं तर धुणारीला नीट फसवायचं."

मग तिने चार नंबरचा बिल्ला 'आत'च्या ओळीतून काढून 'बाहेर'ला लावला. आपला पाच नंबर होता तिथेच ठेवला. हेल्मेट सारखं केलं.

"कुठे चाललीस?"

"आत. पुढचं बघायचं राहिलंय. परतायचं कधी?"

"साडेतीनला."

"नाही आले तर?"

त्याने घड्याळ पाहिलं, मग गुहेचं काळं तोंड. "तीन एकतीसला मी मदत आणायला निघालेला असेन."

ती नर्सच्या मागून आत शिरली. पहिल्या वळणाशी थांबली. मागे न बघता म्हणाली, "पाच."

मग बाहेरून, उजेडाच्या बाजूने, घसा खाकरल्याचा आवाज आला.

"चार."