घरची सुई

औषध निरीक्षक चिंतामणी नुकताच नोकरीला लागला होता आणि कायदा त्याला तोंडपाठ होता. पोलादपूरच्या दवाखान्यात त्याने बाटल्या तपासल्या, लेबलं तपासली, बुचंसुद्धा हुंगून पाहिली. सगळं चोख होतं. दारात बाया औषधासाठी घरून आणलेल्या रिकाम्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या आणि डॉक्टर एकाच सुईने एकेकीला टोचत होते. मध्ये बोळ्याने पुसत, तेवढंच.

"सुई उकळत नाही?" चिंतामणीने विचारलं.

"कायद्यात आहे का, साहेब?"

चिंतामणीने आठवून पाहिलं. कायद्यात औषध होतं, बाटली होती, लेबल होतं. सुई कुठेच नव्हती. त्याने 'नियमाप्रमाणे' असा शेरा मारला.

त्याचा स्वतःचा अशक्तपणावरच्या लिव्हरच्या इंजेक्शनांचा कोर्स चालू होता. निघण्यापूर्वी त्याने बॅगेतून एक डबी काढून डॉक्टरांपुढे सरकवली. "मला तेवढं या सुईने द्या. घरून उकळून आणलीय."

रांगेतली प्रयागबाई टक लावून बघत होती.

महिन्याने तो पुन्हा तपासणीला आला, तेव्हा तिचाच नंबर लागला होता. तिने टेबलावर बाटली ठेवली. मग ओच्यातून फडक्याची पुरचुंडी काढून सोडली. आत गोधडी शिवायची सुई होती.

"बाटली घरची लागते ते ठावं होतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "सुई बी लागते, ते या सायबांमुळं कळलं. चांगली उकळून आणलीय."

डॉक्टरांनी चिंतामणीकडे पाहिलं. चिंतामणी बाटल्यांवरची लेबलं वाचू लागला.