चौदावा वाफा

गंधाली तबेल्याच्या नळाखाली चाळण धरून बसली होती आणि चाळणीत शेण होतं. आठ वर्षं वैरणीच्या ज्वारीचं नवं वाण तयार करणाऱ्या बाईला हेही करावं लागतं. वास मरणाचा येत होता. तिचं लक्ष मात्र पाण्याने धुऊन चाळणीत काय उरतंय याकडे होतं.

आज पहाटेच्या वाऱ्यात गोराईच्या शेतातल्या वीस वाफ्यांपैकी एकच वाफा लोळला. चौदावा, नेमका तिचा लाडका. पडलेलं वाण त्याच दिवशी उपटून टाकायचं, हा त्यांच्या कामातला जुना दंडक. "उगाच जीव लावू नकोस, पाचच्या आत उपट," असं तिचे वरिष्ठ अनिरुद्ध सर यांनी फोनवर सांगितलं होतं आणि ते स्वतःच बघायला निघाले होते.

तबेल्याच्या मालकीण मालनकाकूंच्या दोन म्हशी गेला आठवडाभर वेगवेगळा चारा खात होत्या. एक दोन नंबरच्या वाफ्यातला, एक चौदाव्यातला. पहिलीच्या शेणातून ओंजळभर काड्या निघाल्या, खाल्ल्या तशाच. चौदाव्यातलं खाणारीच्या चाळणीत चिमूटभर चोथा उरला. बाकी सगळं पचलं होतं. आणि नेमकं हेच वाण उपटायचं होतं. गंधालीला एकदम रडूच आलं.

"अगो, रडतंस कित्याक?" मालनकाकू म्हणाल्या. "म्हशीन खाल्लेला तिच्या अंगाक लागला! दूध पण वाढला."

तेवढ्यात सर आले. त्यांनी दोन्ही चाळणी नाकाशी नेऊन पाहिल्या, मग गंधालीबरोबर शेतात जाऊन आडव्या वाफ्यापाशी उभे राहिले.

"धाट मऊ, म्हणून पचलं. आणि मऊ, म्हणूनच पडलं. असली आडवी ज्वारी कोण कापत बसणार?"

"कोणी नाही. म्हणून उभ्या वाणाशी संकर करायचा. आजच सुरुवात करते."

"म्हणजे पुन्हा आठ वर्षं."

"हो."

"मी तोवर रिटायर झालेला असेन गं."

"मी नाही होणार ना सर."

कणसं चिखलाला टेकली होती. बसून हात पोचेना, तेव्हा गंधाली सरळ वाफ्यात पालथी झोपली. बाहेरचे पराग घालायचे तर आधी फुलातले स्वतःचे परागकोश काढावे लागतात. कोपरं रोवून, चिमट्याने, ती एकेक फूल उघडू लागली. नवाकोरा कुर्ता मातीत गेला.

सर तिच्या पिशवीकडे वळले. मग तिच्यातली एक कागदी थैली घेऊन दोन नंबरच्या वाफ्यात शिरले आणि एकेक धाट धरून वाकवू लागले. बऱ्याच वेळाने, दुसरे पराग मिसळू नयेत म्हणून, एका कणसावर त्यांनी थैली चढवली.

"उद्या सकाळी पराग याचे घे," ते तिथूनच ओरडले. "चार वेळा वाकवून बघितलं. ऐकतच नाही, परत उभं राहतं."