सहा लवंगा

लेकीने डबा टेबलावर आपटला आणि खुर्ची ओढून बसली. बाहीला मैदा लागलेला, चेहरा उतरलेला.

"तीनदा केली, मावशी. तिन्ही वेळा फसली. त्या कागदात काहीतरी चुकलंय."

कागद म्हणजे बिस्किटांच्या कृतीचा, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, पिवळा पडलेला. लेक तीन वर्षांची असताना तिची आई गेली, तिच्या हातचं लिहिलेलं मागे एवढंच उरलं होतं. मावशी लग्न होऊन या घरात आली तेव्हा लेक सात वर्षांची होती. हिला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मावशीने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं तरी नाही.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सुट्ट्या लागायच्या आधी प्रत्येकाने घरची बिस्किटं न्यायची आणि कृती कार्डावर लिहून सगळ्यांना द्यायची, असं तिथे ठरलं होतं. कार्ड तिने बरोबरच आणलं होतं. वर ठसठशीत अक्षरात ‘आईची बिस्किटं’ लिहून तयार. खाली सगळं कोरं.

"खाऊन बघ आणि खरं सांग," लेक म्हणाली.

मावशीने एक तोंडात टाकलं. कड कडक, आणि मग लवंगेची झणझण थेट नाकात. कागदात काहीच चुकलं नव्हतं. पोरीच्या हातूनही नाही.

"खमंग झालीत की."

"गोड बोलू नकोस. आईची अशी नसतात. आईची तोंडात टाकली की विरघळतात. ही कुणाच्या पुढे ठेवायची सोय नाही. टाकूनच द्यायची आहेत."

लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत मावशीने कागद समोर धरून, अक्षर न् अक्षर पाळून ही बिस्किटं केली होती. सात वर्षांच्या पोरीने एक घास घेतला आणि हातावर थुंकला. नवरा कामावरून यायच्या आत मावशीने सगळी बिस्किटं फेकून दिली. दुसऱ्या दिवशी लवंगा गाळल्या, लोणी वाढवलं, संत्र्याची साल किसून घातली. पोरीने चार खाल्ली आणि म्हणाली, "आईसारखी झालीत!" या घरात मावशीला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती हातची कोण घालवणार? मावशी गप्प बसली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

आजही गप्प बसता आलं असतं. पण मग पोरगी चौथ्यांदा करणार, चौथ्यांदा फसणार. आणि बोलावं, तर आईची म्हणून तिच्याजवळ एक चव तेवढी होती, तीही आपण काढून घेणार.

"लवंगा घालू नकोस," मावशी शेवटी म्हणाली.

"कागदावर सहा लिहिल्यात."

"लिहिल्यात. मी घालत नाही. संत्र्याची साल किसून घालते. लोणीही जास्त घालते."

"कधीपासून?"

"तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून."

लेकीने कार्डाकडे पाहिलं, मग डब्याकडे. "म्हणजे आईची बिस्किटं..."

"ही. तू आणलीस ती."

लेक रागावली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. पण तिने डब्यातून एक उचललं आणि चावायला लागली. सावकाश, अगदी शेवटच्या कणापर्यंत.

तेवढ्यात बाबा वर्तमानपत्र काखेत मारून आत आले. डबा दिसला की विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हती. त्यांनी बिस्किट उचललं, चावलं आणि मध्येच थांबले.

"ही कुणी केली?"

"मी," लेक म्हणाली.

बाबा खुर्चीचा आधार घेत हळूच बसले. "सहा लवंगा," ते म्हणाले. "किती वेळा सांगितलं तिला, चार पुरेत म्हणून."

"मग?"

"मग काय! ऐकलं तर ना. म्हणायची, तुम्हाला झेपत नसतील तर पाव खा."

लेक हसली. आईच्या तोंडचं एवढं एक वाक्यही तिने आजवर ऐकलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मैद्याच्याच बाहीने पुसलं.

मावशी नवऱ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या बिस्किटांत लवंग नसते हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला जीभ आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पोरगी खात होती," बाबा म्हणाले आणि दुसरं बिस्किट घेतलं.

लेकीने कार्ड पुढे ओढलं. ‘आईची बिस्किटं’च्या खाली कागदावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलं, सहा लवंगांसकट. मग कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिथे तेवढ्याच ठसठशीत अक्षरात तिने लिहिलं, ‘मावशीची बिस्किटं’.

"हं, बोल," ती म्हणाली. "आणि आता लोणी किती ते खरं खरं सांग."