चौथी खाच

"ह्यातलं काहीच नको," सुतार म्हणाला.

बायकोने टेबलावर सगळा संसार मांडला होता. बारीक ब्रश, चपटी काडी, मेडिकलमधून आणलेली बिनसुईची सिरिंज, नळीच्या टोपणाची बाटली. नातवंडांच्या दुमजली पलंगाची शिडी जोडायची होती. खाचा अरुंद आणि खोल, त्यात उन्हाचे दिवस. गोंद वाळायला कितीसा वेळ? अशा खाचांना सिरिंजच बरी, एवढं तिलाही कळत होतं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी लाकूड घासताना ती काही गोट्या खेळत नव्हती.

"अहो, मग लावणार कशाने?"

"बोटाने."

बोटाने गोंद लावणाऱ्यांना ह्या माणसाने जन्मभर नावं ठेवली होती. बोटाने चाटावं, चिकटवू नये, असं तो ज्याला त्याला सुनवायचा. आज स्वारीची लहर फिरलेली दिसत होती. लहरीपुढे बोलून उपयोग नाही, म्हणून तिने गोंदाचं भांडं पुढे सरकवलं.

त्याने बोट गोंदात बुडवलं. दुसऱ्या हाताने शिडीची उभी फळी चाचपत पहिली खाच शोधली, बोट आत फिरवलं. मग दुसरी. हात बरोबर चालत होता, पण मान खाली नव्हती. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, आणि भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. ती त्याच्या बोटावर नजर ठेवून खाचा मोजू लागली.

तिसऱ्या खाचेत त्याने गोंद लावला. बोट पुन्हा बुडवलं, चाचपलं, आणि पुन्हा तिसरीतच फिरवलं. मग चौथी सोडून तो थेट पाचवीवर गेला.

बोलावं तर माणूस कोसळेल. न बोलावं तर पायरी निखळेल, आणि पायरीवर पोरं असतील. सिरिंज हाताशीच होती. तो पाठ फिरवेल तेव्हा गुपचूप भरून टाकावं, असंही तिच्या मनात आलं. पण आज भरलं, उद्याचं काय?

पहिल्या तीन पायऱ्या ठोकून बसल्या. त्याने चौथी उचलली.

"थांबा. ही खाच कोरडी आहे."

"लावलाय मी."

"बोट घालून बघा."

काहीतरी पुटपुटत त्याने बोट पुसलं आणि खाचेत घातलं. त्याचा चेहरा उतरला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "पुढच्यांत आहे ना?"

"आहे."

तिने सिरिंजने चौथी खाच भरली.

"कधीपासून?"

"जवळचं धूसर दिसतं. म्हटलं, जाईल आपोआप."

"डॉक्टरकडे जाऊ. तोवर मी बघेन, तुम्ही ठोका. एवढं मनाला लावून घेऊ नका." तिला त्याचा राग आला होता, आणि कीवही. "वेळेवर कळलं, शिडी वाचली. बसवा ती पायरी, गोंद वाळतोय."

त्याने पायरी बसवली नाही.

"शाळेच्या जिन्याचा कठडा," तो म्हणाला. "तू लेकीकडे गेली होतीस तेव्हाचा. तो मी एकट्याने चिकटवला."

तिने फोन उचलून शाळेला लावला. पलीकडे नुसतीच घंटी वाजत होती, कोणी उचलेना. तिने घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती.

"चपला घाला," ती म्हणाली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि दोघं म्हातारी माणसं भर रस्त्यातून पळत सुटली.