चाचांचा रिव्हर्स

पहिला डाव संपला तेव्हा फळ्यावर शिळफाटा चौदा, कोंडाणे दोन असे आकडे होते. त्या दोनांतही वाऱ्याचा वाटा होता.

चौक गावच्या मैदानात बास्केटबॉलचा खांब एकच. दोन्ही संघांत तीन-तीन पोरी, सगळ्यांनी त्याच रिंगमध्ये चेंडू टाकायचा. अंतिम सामना जिंकेल त्या गावाला नवाकोरा खांब आणि रिंग. शिळफाट्याच्या पोरींना एकसारखे बूट होते आणि बुटांना शोभतील असे प्रशिक्षक होते. कोंडाण्याच्या जिजा, वनिता आणि आवडीला मात्र वाडीतला वाकडा खांब बदलून हवा होता. दोन वर्षांपूर्वी मोहियुद्दीनचाचांनी विटांचा टेंपो मागे घेताना तो ठोकला, तेव्हापासून रिंग डावीकडे वीतभर उतरली होती. तिच्यावर बसलेली कोंबडी घसरून खाली येते, असं वाडीतली माणसं शपथेवर सांगतात.

"चाचा, पाणी द्या. अजून दहा मिनिटं हायेत," जिजा म्हणाली.

"दहा मिनिटांत काय होतंय गं? बारानं मागं हाव तुमी. मी गाडी फिरवून ठेवतो. कर्जतला गर्दी व्हायच्या आत निघू."

चाचांच्या टेंपोला डावा आरसा नव्हता. तो वाडीच्या खांबालाच लागून फुटला होता, आणि माणसाला एक आरसा पुरतो असं चाचांचं मत होतं. त्यांनी रिव्हर्स टाकला. मैदानावरची दोनशे माणसं हात हलवून ओरडली. चाचांनीही हात हलवला.

धाडकन आवाज झाला. खांब पडला नाही, नुसता डावीकडे कलला.

शिळफाट्याचे प्रशिक्षक धावत आले. पंचांनी खांब ढकलून पाहिला, तो हलेना. "रिंग दोघांना एकच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आवडीनं मान वाकडी करून वर बघितलं. "जिजे, ही तर आपलीच गं!"

शिळफाट्याच्या भाविका नावाच्या पोरीचा नेम इतका पक्का, की तिचा प्रत्येक चेंडू रिंग मघाशी जिथं होती तिथं बरोबर पोचत होता. कोंडाण्याच्या पोरी मात्र चेंडू उजव्या कडेवर अलगद टेकवायच्या आणि तो उतारावरून घरंगळत आत जायचा. शेवटच्या वेळी वनितानं रिंगकडे बघितलंही नाही. कोणी म्हणतं ती पाठमोरी होती, कोणी म्हणतं ती पाणी पीत होती.

कोंडाणे सोळा, शिळफाटा पंधरा.

नवा खांब टेंपोत चढवला. चाचा मान खाली घालून उभे होते. "चुकलंच माझं, पोरींनो. उद्याच्या उद्या आरसा बसवतो."

जिजानं नव्या रिंगवरून हात फिरवला. एक डोळा मिटून तिनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. रिंग एकदम सरळ होती. तिचं तोंड उतरलं.

"घाई नका करू, चाचा," ती म्हणाली. "आधी खांब गाडू द्या. मग एकदा टेंपो मागं घ्या. मग बसवा आरसा."